पाळणाघर निवडताना काय विचारावे, काय पाहावे आणि काय लिहून घ्यावे

पाळणाघर पाहायला गेलेल्या पालकांच्या नजरेत आधी भरतात त्या रंगवलेल्या भिंती, नवी खेळणी आणि स्वागताला आलेल्या व्यक्तीचा गोड स्वभाव. यात गैर काही नाही. परंतु मूल तिथे सुरक्षित राहील की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते कळावे म्हणून मी नव्या पालकांना एकच गोष्ट आधी मागायला सांगेन, आणि ती म्हणजे अपघातांची नोंदवही. इतर मुलांची नावे झाकून ती दाखवता येते. चालायला शिकणारी दहा-बारा मुले दिवसभर एका खोलीत असली, की कुणी पडते, कुणी कुणाला चावते, कुणाचे बोट दाराच्या फटीत सापडते. कितीही चांगल्या पाळणाघरात हे घडते. तरीही वर्षभराच्या वहीत एकही नोंद नसेल, तर तिथे घडलेले लिहिले जात नाही असेच समजावे. जिथे बारीकसारीक खरचटल्याचीही तारीख, वेळ आणि कारण लिहिलेले आढळते, तिथे मोठी घटना दडपली जाण्याची शक्यता कमी असते, कारण लिहिण्याची आणि सांगण्याची सवय आधीपासूनच अंगवळणी पडलेली असते.

पुढील पायऱ्या याच विचाराने मांडल्या आहेत. पाळणाघर आपल्याविषयी काय सांगते, यापेक्षा ते काय दाखवायला तयार आहे आणि त्याची चूक पालकांना कुणाकडून व किती वेळाने कळते, याकडे लक्ष ठेवायचे आहे.

पायरी १: परवाना आणि तपासणीचा अहवाल आधी पाहा

मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थांनी सुरक्षितता, आरोग्य, कर्मचाऱ्यांची संख्या व योग्यता आणि देखरेख यांविषयी ठरलेले निकष पाळावेत, याची खात्री करण्याची जबाबदारी सरकारवर आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे तिसरे कलम सांगते. त्याच संहितेच्या अठराव्या कलमात नोकरी करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांना पाळणाघरांच्या सोयीचा लाभ मिळण्याचा हक्क मान्य केलेला आहे. त्यामुळे परवान्याविषयी विचारताना संकोच वाटण्याचे काहीही कारण नाही. प्रत्यक्ष नियम मात्र देशागणिक आणि कित्येकदा राज्यागणिक बदलतात. आपल्या ठिकाणी पाळणाघरांना परवाना देणारे खाते कोणते, हे आधी शोधावे. कुठे ते शिक्षण खाते असते, कुठे महिला व बालकल्याण खाते, तर कुठे स्थानिक प्रशासन. काही ठिकाणी घरगुती स्वरूपात मोजकी मुले सांभाळणाऱ्यांना परवान्याची सक्ती नसते. अशा वेळी तपासणी करणारे दुसरे कुणीच नसते आणि पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा भार पालकांवरच येतो, हे ध्यानात ठेवावे.

परवाना भिंतीवर लावलेला असला तरी तो जवळ जाऊन वाचावा. मूल ज्या जागेत राहणार आहे तोच पत्ता त्यावर आहे का, कारण मुख्य शाखेच्या परवान्यावर दुसरी शाखा चालवली जात असल्याचे कधी कधी निघते. किती मुलांना आणि कोणत्या वयाच्या मुलांना परवानगी आहे, कारण तान्ह्या बाळांसाठी अनेक ठिकाणी वेगळी मान्यता लागते. आणि मुदत कधी संपते. परवान्याचा क्रमांक टिपून घेऊन तो देणाऱ्या खात्याकडे एकदा पडताळून पाहावा.

तपासणीचे अहवाल पालकांना खुले असावेत, हे तत्त्व अनेक देशांनी कायद्यात आणले आहे. अमेरिकेत २०१४ च्या कायद्याने पाळणाघरांच्या तपासणीचे निकाल संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याचे, तसेच पाळणाघरांमध्ये झालेले मृत्यू, गंभीर दुखापती आणि सिद्ध झालेले बालछळाचे प्रकार यांची एकत्रित वार्षिक संख्या जाहीर करण्याचे बंधन राज्यांवर घातले. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड ही तपासणी यंत्रणा आपले अहवाल प्रसिद्ध करते. ऑस्ट्रेलियात प्रत्येक केंद्राला मिळालेला दर्जा सार्वजनिक नोंदीत पाहता येतो आणि तो केंद्राच्या प्रवेशद्वाराशीही लावावा लागतो. जिथे अहवाल असे खुले नसतात, तिथे पाळणाघराकडेच शेवटच्या तपासणीची प्रत मागावी.

अहवाल वाचताना दोषांची संख्या मोजत बसू नये. संपलेल्या मुदतीचे अग्निशामक यंत्र एकदा सापडले आणि पुढच्या तपासणीत ते बदललेले दिसले, तर ती काळजीची बाब नाही. ‘मुले देखरेखीविना आढळली’ हा शेरा मात्र दोन तपासण्यांमध्ये पुन्हा पुन्हा आला असेल, तर बाकी सारा अहवाल चांगला असूनही दुसरे पाळणाघर शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तपासणी आधी कळवून झाली की अचानक, हेही अहवालात दिलेले असेल तर पाहावे.

पायरी २: दोनदा जा, आणि दुसऱ्यांदा न कळवता

पहिली भेट वेळ ठरवून घ्यावी, कारण संचालकांशी निवांत बोलणे त्याच वेळी शक्य असते. दुसरी भेट न कळवता घ्यावी आणि तीही अवघड वेळी. सकाळी अकराच्या सुमारास सगळीच पाळणाघरे नीटनेटकी दिसतात. खरी परीक्षा असते ती मुलांना भरवण्याच्या वेळी, झोपवण्याच्या वेळी आणि दिवसाच्या अखेरीस, जेव्हा निम्मे कर्मचारी घरी गेलेले असतात, उरलेली मुले एका खोलीत एकत्र केलेली असतात आणि दाराशी पालकांची ये-जा सुरू असते.

मूल दाखल झाल्यावर पालकांना कामकाजाच्या वेळेत कधीही आत येता येते का, हा प्रश्न थेट विचारावा. ऑस्ट्रेलियाच्या नियमांनुसार मूल केंद्रात असताना पालकांना आत येण्यास, काही मोजके अपवाद वगळता, मज्जाव करता येत नाही. अमेरिकेत सरकारी साहाय्य घेणाऱ्या पाळणाघरांना पालकांसाठी दार सदैव खुले ठेवावे लागते. भारतात २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. ‘पालक आले की मुले रडतात, म्हणून आम्ही मध्ये येऊ देत नाही’ हे उत्तर बरेचदा ऐकू येते. मुले रडतात हे खरे आहे. पण त्यावर उपाय म्हणून बाहेरून पाहता येईल अशी काचेची खिडकी ठेवता येते. दार कायमचे बंद ठेवणे हा उपाय होऊ शकत नाही.

या भेटीत करण्याचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे मोजणे. एका खोलीत मुले किती आणि त्यांना प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या मोठ्या व्यक्ती किती, हे स्वतः मोजावे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे किमान एक व्यक्ती असावी लागते. दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण २०२३ पर्यंत चार मुलांमागे एक होते, ते नंतर पाच मुलांमागे एक इतके सैल करण्यात आले. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांखालील चार मुलांमागे एक व्यक्ती लागते. आपल्या ठिकाणचा नियम वेगळा असू शकतो, पण हे आकडे तुलनेसाठी हाताशी असावेत. त्यामागचे कारणही साधे आहे: आग लागली, तर एका व्यक्तीला चालता न येणारी किती बाळे उचलून बाहेर नेता येतील, याचा विचार करून पाहावा.

या मोजणीत एक फसगत होते. पाळणाघर सांगते ते प्रमाण पुष्कळदा संपूर्ण इमारतीचे असते आणि त्यात स्वयंपाक करणारी, स्वच्छता करणारी आणि कार्यालयात बसणारी व्यक्तीही धरलेली असते. बारा मुलांमागे चार माणसे ऐकायला बरी वाटतात. पण त्यांपैकी एक स्वयंपाकघरात, एक फोनवर आणि एक जेवणाच्या सुट्टीवर असेल, तर खोलीत बारा मुले आणि एकच व्यक्ती उरते. म्हणून ‘तुमचे प्रमाण काय’ असे विचारण्याऐवजी ‘दुपारी कर्मचारी जेवायला जातात तेव्हा या खोलीत कोण असते’ असे विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाचे ठरीव उत्तर सहसा कुणाजवळ तयार नसते.

पायरी ३: झोपण्याची खोली शांतपणे पाहून घ्या

मूल एक वर्षाच्या आतील असेल, तर या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा. बाळाला प्रत्येक झोपेसाठी उताणे, म्हणजे पाठीवर निजवावे, ही शिफारस आता जगभर मान्य आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली बाळांना पोटावर न निजवण्याचा सल्ला दिला, १९९४ पासून त्याचा व्यापक प्रचार झाला, आणि पुढील काळात झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. घरात उताणे निजायची सवय असलेल्या बाळाला पाळणाघरात कुणी ‘लवकर झोपते’ म्हणून पालथे निजवले, तर धोका विशेष वाढतो, कारण त्या बाळाला त्या स्थितीची सवयच नसते. म्हणून घरी काय करता हे पाळणाघराला सांगणे आणि तिथे काय करतात हे डोळ्यांनी पाहणे, दोन्ही आवश्यक आहे.

गादी घट्ट आणि सपाट असावी, तिच्यावरची चादर ताणून बसवलेली असावी, आणि बाळाच्या जवळ उशी, सैल पांघरूण, मऊ खेळणी किंवा पाळण्याच्या कडेला बांधलेल्या गाद्या नसाव्यात. दोन बाळे एका पाळण्यात नसावीत. मोटारीतल्या आसनात किंवा झोपाळ्यात झोप लागलेल्या बाळाला तसेच तासन्‌तास ठेवू नये, कारण मान पुढे कलंडून श्वासाची वाट अरुंद होऊ शकते. खोलीत इतका अंधार नसावा की बाळाच्या चेहऱ्याचा रंग दिसणार नाही. झोपलेल्या बाळांकडे ठरावीक वेळाने पाहून जाण्याची आणि त्याची वेळ टिपण्याची पद्धत असेल, तर तो तक्ता पाहावा. सगळ्या वेळा एकाच शाईने, एकाच वळणाने आणि बरोबर पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने लिहिलेल्या दिसल्या, तर तो तक्ता दिवसाच्या शेवटी एका बैठकीत भरला गेला असण्याची दाट शक्यता आहे.

उरलेल्या जागेतही धोक्याच्या जागा ठरलेल्याच असतात. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या, भिंतीला न अडकवलेली कपाटे, न्हाणीघरातली भरलेली बादली. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकते, त्यामुळे बादली रिकामी आणि पालथी असावी. खेळण्यांतील बटणासारख्या बॅटऱ्यांची झाकणे स्क्रूने बंद केलेली असावीत, कारण अशी बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिकेत दोन तासांच्या आतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. अख्खी द्राक्षे किंवा दाणे लहान मुलांच्या ताटलीत दिसले, तर तिथल्या कर्मचाऱ्यांना घशात घास अडकण्याच्या धोक्याचे प्रशिक्षण मिळालेले नाही, असे मानायला हरकत नाही.

पायरी ४: माणसांविषयी विचारा

कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी कशी तपासली, यावर ‘सगळे ओळखीतलेच आहेत’ असे उत्तर मिळाले, तर ते उत्तर धरू नये. पोलीस पडताळणी, आधीच्या नोकरीच्या ठिकाणी केलेली चौकशी आणि ओळखीची कागदपत्रे यांची नोंद पाळणाघराकडे असली पाहिजे. पालकांना ती कागदपत्रे दाखवता येणार नाहीत, परंतु कोणाची पडताळणी कोणत्या महिन्यात झाली हे सांगता येते. ही विचारणा वाहनचालक, स्वच्छता करणारे आणि अधूनमधून येणारे शिक्षक यांच्याविषयीही करावी.

तरीही पडताळणीची मर्यादा ओळखली पाहिजे. ज्याच्याविरुद्ध आधी कधी तक्रार नोंदलीच गेली नाही, त्याचा दाखला स्वच्छच येणार. म्हणून कामाची रचनाच अशी असावी, की कोणतीही एक मोठी व्यक्ती एका मुलासोबत बंद दाराआड दीर्घकाळ एकटी राहणार नाही. लंगोट बदलण्याची जागा मुलाची लाज राखेल इतकी आडोशाची, पण दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात असावी. दारांना काचेचे तावदान असावे. कर्मचाऱ्यांचे वैयक्तिक फोन मुलांच्या खोलीत वापरले जातात का, हेही विचारावे.

प्रथमोपचार आणि बाळाचा श्वास अडकल्यास करावयाचे उपाय यांचे प्रशिक्षण घेतलेली किमान एक व्यक्ती प्रत्येक वेळी, म्हणजे पहिले मूल येण्यापासून शेवटचे मूल जाईपर्यंत, जागेवर असली पाहिजे. त्या व्यक्तीची रजा असते त्या दिवशी काय करतात, हे विचारल्यावर पुष्कळ काही उलगडते. मागच्या वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले, हाही एक उपयुक्त प्रश्न आहे. माणसे टिकत नसतील, तर मुलाच्या बारीक बदलांकडे लक्ष देणारे कुणी उरत नाही.

पायरी ५: सही करण्यापूर्वी करार वाचा

प्रवेशाचा अर्ज बहुधा घाईत भरला जातो आणि त्यातच करार दडलेला असतो. तो घरी नेऊन वाचण्याची मुभा मागावी. ‘कोणत्याही दुखापतीस संस्था जबाबदार राहणार नाही’ अशा अर्थाचे वाक्य आढळल्यास ते खोडून घेण्याचा आग्रह धरावा. अशा वाक्याने निष्काळजीपणाची कायदेशीर जबाबदारी सर्वस्वी टळते असे सहसा होत नाही, तरी पुढे वादाच्या वेळी तेच पालकांपुढे धरले जाते आणि अनेक पालक तिथेच माघार घेतात.

मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकते, यांची नावे आणि छायाचित्रे लेखी द्यावीत आणि यादीत नसलेली व्यक्ती आली तर पाळणाघर काय करेल, हे लिहून घ्यावे. आईवडील विभक्त असतील, तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत देणे आवश्यक ठरते, कारण त्याशिवाय पाळणाघराला एका पालकाला अडवणे कठीण जाते. औषध द्यायचे असल्यास प्रत्येक वेळी नाव, मात्रा, वेळ आणि कारण यांसह लेखी संमती, आणि दिल्यावर देणाऱ्याची सही, अशी पद्धत असावी. मुलाला शांत करण्यासाठी किंवा झोपवण्यासाठी कोणतेही औषध दिले जाणार नाही, हे वाक्य करारात नसेल तर घालून घ्यावे. मुलाला बाहेर किंवा वाहनातून नेण्यासाठी वेगळी संमती घेतली जावी. वाहनातून उतरताना मुले मोजली जातात का आणि शेवटी कुणी आत राहिले नाही याची खात्री कोण करते, हे नावानिशी विचारावे, कारण बंद मोटारीतले तापमान दहा मिनिटांतही अकरा अंश सेल्सिअसच्या आसपास वाढू शकते आणि मोठ्यांच्या तुलनेत लहान मुलाचे शरीर फार लवकर तापते.

छायाचित्रांची संमती वेगवेगळी द्यावी. पालकांना खासगीत पाठवण्यासाठी, भिंतीवर लावण्यासाठी आणि जाहिरातीसाठी, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि ‘छायाचित्रास संमती’ या एका चौकोनात त्या एकत्र केलेल्या असतात. शिस्तीच्या पद्धतीही लेखी असाव्यात: मारणे, कोंडणे, अन्न किंवा झोप नाकारणे आणि अपमान करणे यांना मनाई आहे, असे त्यात उघडपणे म्हटलेले असावे. शुल्क, सुट्ट्या आणि सोडण्यापूर्वीची सूचना यांविषयीची कलमे पालक आपणहून वाचतातच.

कॅमेऱ्यांविषयी थोडेसे

‘आमच्याकडे सगळीकडे कॅमेरे आहेत’ हे वाक्य आजकाल सुरक्षिततेचा पुरावा म्हणून सांगितले जाते. कॅमेरा घटना थांबवत नाही. घडल्यानंतर ती पाहण्याची शक्यता तेवढी देतो, आणि तीही चित्रण जपलेले असेल तरच. म्हणून चित्रण किती दिवस साठवले जाते, ते पाहण्याचा अधिकार कुणाला आहे आणि घटना घडल्यास पालकांना ते कोणत्या पद्धतीने दाखवले जाते, हे विचारावे. पालकांच्या फोनवर थेट चित्रण देणाऱ्या सोयीचा एक तोटा असा, की आपल्या मुलाबरोबर इतरांची मुलेही आपल्याला दिसतात आणि आपले मूल इतर सर्वांना दिसते. संकेतशब्द सैलपणे वाटले जात असतील, तर नेमके कोण पाहते आहे हे कुणालाच सांगता येत नाही. मला स्वतःला खोलीत एक जास्तीचा माणूस असणे दहा कॅमेऱ्यांपेक्षा अधिक भरवशाचे वाटते.

पायरी ६: मूल जाऊ लागल्यावर

पहिले काही दिवस थोड्या वेळासाठीच ठेवावे आणि निदान एकदा दिवसभराचा क्रम स्वतः बसून पाहावा. त्यानंतर रोजची नोंद मागावी: काय व किती खाल्ले, किती वेळ झोपले, किती वेळा लंगोट बदलला, तब्येत कशी होती. तान्ह्या बाळासाठी ही नोंद अत्यावश्यक आहे, कारण आजाराची पहिली चाहूल तिच्यातच लागते.

दुखापत झाली, तर त्याच दिवशी आणि पालकांनी विचारण्याआधी कळवले गेले पाहिजे. इंग्लंडमधील नियमांनुसार मुलाला झालेली इजा आणि केलेला प्रथमोपचार पालकांना त्याच दिवशी किंवा शक्य तितक्या लवकर सांगावा लागतो. ऑस्ट्रेलियात गंभीर नसलेल्या दुखापतीसाठीही चोवीस तासांची मर्यादा आहे. लेखी अहवालात वेळ, नेमकी जागा, काय घडले, कुणी पाहिले, शरीरावर कुठे लागले, काय उपचार केला आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून काय बदलले, इतके असावे. ‘खेळताना पडला’ ही नोंद अपुरी आहे. कशावरून, कशावर आणि त्या वेळी जवळ कोण होते, हे विचारावे. कुणीच पाहिले नव्हते असे प्रामाणिकपणे लिहिलेले असेल, तर तेही महत्त्वाचे आहे, कारण मग प्रश्न मूल पडण्याचा राहत नाही, देखरेखीचा होतो. चावण्याच्या प्रकारात दुसऱ्या मुलाचे नाव पाळणाघर सांगणार नाही आणि ते योग्यच आहे. तुमच्या मुलाने चावले तर तुम्हालाही तेच हवे असेल.

मुलाच्या अंगावरील खुणांबाबत एक वैद्यकीय मोजपट्टी उपयोगी पडते. चालत्या-धावत्या मुलांच्या नडगीवर, गुडघ्यांवर आणि कपाळावर मुका मार लागून काळेनिळे डाग पडणे नेहमीचे आहे. पण चार वर्षांखालील मुलाच्या धडावर, कानांवर किंवा मानेवर असा डाग दिसला, अथवा चार महिन्यांच्या आतील बाळाच्या अंगावर कुठेही असा डाग दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि कारण विचारावे. वागण्यातले बदल, म्हणजे विशिष्ट व्यक्तीची भीती, अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणे, कपडे बदलताना आकांत करणे, यांना इतरही कारणे असू शकतात. म्हणून एखाद्या खुणेवरून निष्कर्ष काढू नये, पण ती तारीख घालून लिहून मात्र ठेवावी.

पायरी ७: तक्रार कशी करावी

सर्वसाधारण तक्रारीचा क्रम सोपा आहे. आधी खोलीतल्या कर्मचाऱ्याशी बोलावे, नंतर संचालकांना लेखी कळवावे, आणि उत्तरासाठी तारीख द्यावी. तोंडी बोलणे झाले असेल, तर त्याच दिवशी ‘आज आपले असे बोलणे झाले’ एवढा छोटा संदेश पाठवून ठेवावा. पुढे काय ठरले होते, यावर वाद होत नाही. पत्रात आपला निष्कर्ष न लिहिता घडलेल्या गोष्टी लिहाव्यात. ‘तुम्ही निष्काळजी आहात’ याला उत्तर देणे सोपे असते. ‘मंगळवारी सायंकाळी सव्वापाच वाजता मी आले तेव्हा सात मुलांच्या खोलीत पाच मिनिटे कुणीही मोठी व्यक्ती नव्हती’ याला उत्तर द्यावेच लागते. इंग्लंडमध्ये ठरलेल्या निकषांविषयीच्या लेखी तक्रारीची चौकशी करून अठ्ठावीस दिवसांत निष्कर्ष कळवण्याचे बंधन पाळणाघरावर असते. जिथे असा नियम नाही तिथेही तितकीच मुदत मागायला हरकत नाही. उत्तर आले नाही किंवा टोलवाटोलवीचे आले, तर परवाना देणाऱ्या खात्याकडे जावे. तक्रार केली म्हणून मुलाला काढून टाकण्याची भाषा झाली, तर तेही लेखी मागावे.

छळाची किंवा लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तेव्हा मात्र हा क्रम मुळीच पाळू नये. संचालकांना आधी सांगून ‘अंतर्गत चौकशी’ची वाट पाहिली, तर पुरावे जातात आणि कर्मचाऱ्यांचे जबाब एकमेकांशी जुळवले जातात. थेट पोलिसांकडे किंवा बालसंरक्षण यंत्रणेकडे जावे. भारतात १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, आणि २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. संस्थेच्या प्रमुखाने ती दडवली तर त्यालाही शिक्षा होऊ शकते. इतर देशांतही असे बंधन पाळणाघर चालवणाऱ्यांवर बहुधा असतेच.

मुलाने काही सांगितले, तर शांतपणे ऐकावे, ‘तू सांगितलेस ते बरे केलेस’ एवढे म्हणावे आणि त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. ‘त्यांनी तुला मारले ना?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत आणि नातेवाइकांपुढे तेच ते पुन्हा वदवून घेऊ नये. चौकशीत मुलाच्या बोलण्याचे मोल त्यामुळे कमी होते आणि मुलाला ते सारे पुन्हा सोसावे लागते. वैद्यकीय तपासणीपूर्वी मुलाला आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत, ते कागदी पिशवीत ठेवावेत. पाळणाघराला चित्रण जपून ठेवण्याची लेखी सूचना त्याच दिवशी द्यावी, कारण जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. समाजमाध्यमांवर मुलाचे नाव, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा तपशील टाकू नये. संताप कितीही समजण्यासारखा असला, तरी मुलाची ओळख उघड होणे हे त्याच्यावरचे दुसरे संकट ठरते, आणि अनेक ठिकाणी तो स्वतंत्र गुन्हाही आहे.

पायरी ८: वर्षातून एकदा पुन्हा पाहा

पाळणाघर एकदा निवडले की काम संपत नाही, कारण जे पाहून निवडले ते बदलत असते. मूल तान्ह्यांच्या खोलीतून मोठ्यांच्या खोलीत गेले, की एका व्यक्तीमागची मुले वाढतात आणि माणसेही नवी असतात. त्या आठवड्यात दुसऱ्या पायरीतली मोजणी पुन्हा करावी. परवान्याची मुदत, तपासणीचा नवा अहवाल, मुलाला न्यायला येणाऱ्यांची यादी आणि तातडीच्या वेळी संपर्क करावयाचे क्रमांक, हे वर्षातून एकदा ताजे करून घ्यावे. पाळणाघर सोडताना मुलाच्या दुखापतींचे अहवाल आणि औषधांच्या नोंदी यांच्या प्रती मागून घ्याव्यात, आणि मुलाची जी छायाचित्रे त्यांच्या संकेतस्थळावर किंवा फलकावर आहेत, ती काढून टाकण्याची लेखी विनंती त्याच पत्रात करावी.